पाम्पलोना ते मान्रेसा : एका बदलाची वाट

स्वतःत काय बदलायचं आहे हे पक्कं ठाऊक असतं, प्रार्थनेत ते देवापुढे मांडूनही झालेलं असतं, आणि तरी पाऊल उचलत नाही. अशा माणसासाठी स्पेनच्या उत्तर भागातली ही वाट आहे. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत जखमी झालेला इन्यिगो, म्हणजे पुढचे संत इग्नेशियस लोयोला, लोयोलाच्या आपल्या घरी अंथरुणाला खिळला. 1522 च्या फेब्रुवारीअखेर तो खेचरावर बसून निघाला, मोंतसेरातच्या मठात त्याने तलवार ठेवली आणि पुढे मान्रेसात जवळजवळ अकरा महिने काढले. बहुतेक प्रवासी मोंतसेरातला अख्खा दिवस देतात आणि मान्रेसा दोन तासांत उरकतात. आमच्या मते हे उलटं हवं. निर्णय मोंतसेरातला झाला, पण तो निभावायचा कसा हे इन्यिगो मान्रेसात शिकला, आणि तेही बऱ्याच चुका करून. खालचे अकरा दिवस त्या हिशोबाने बेतले आहेत.

लोयोला ते मान्रेसा ही पूर्ण वाट ‘कामिनो इग्नासियानो’ म्हणून आखलेली आहे : 27 टप्पे, साधारण साडेसहाशे किलोमीटर, महिनाभराची चाल. खुणा नारिंगी बाणांच्या. काही पट्ट्यांत ही वाट सांतियागोच्या यात्रेच्या वाटेवरूनच, पण उलट दिशेने जाते. तिथे पिवळे बाणही दिसतात, आणि सवयीने ते धरले की माणूस आल्या दिशेने परत चालू लागतो. या आराखड्यात पहिले दोन आणि शेवटचा टप्पा पायी, बाकी बस आणि रेल्वे. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. 31 जुलैला इग्नेशियसचा सण असतो, त्या आठवड्यात लोयोलाच्या आसपास खोली मिळणं कठीण.

निघण्याआधी बदल कोणता ते एका वाक्यात लिहून ठेवायचं. ‘चांगला ख्रिस्ती व्हायचंय’ हे वाक्य कामाचं नाही. मुलांवर हात उगारणं थांबवायचं, बायकोपासून लपवलेलं कर्ज सांगायचं, भावाशी धरलेला अबोला सोडायचा, असं काहीतरी, जे झालं की नाही हे रात्री झोपताना सांगता येईल. एका वेळी एकच. बदल दारू सोडण्याचा असेल आणि पिणं रोजचं आणि बरीच वर्षं चालत आलेलं असेल, तर ती या प्रवासात अचानक तोडू नये. शरीराला सवय झालेली असताना दारू एकदम बंद केली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, फिट येणं, भ्रम होणं असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. आधी डॉक्टर, मग प्रवास. तीच गोष्ट जीव नकोसा होण्याच्या विचारांची.

दिवस पहिला : पाम्पलोना

पंचकोनी सितादेल पाहून ‘इथेच तो पडला’ असं समजणारे पुष्कळ. तो किल्ला 1571 मध्ये बांधायला घेतला, म्हणजे लढाईनंतर पन्नास वर्षांनी. इन्यिगो ज्या गढीच्या बचावात उभा होता ती आता नाही. तिची जागा सान इग्नासियो नावाच्या रस्त्यावर, त्याच्याच नावाच्या चर्चच्या आसपास आहे. पाहायला अर्धा तास पुरतो.

विचार करायला मात्र इथे भरपूर आहे. 20 मे 1521 रोजी फ्रेंच फौज समोर होती आणि गढीतल्या इतरांना शरण जाणंच शहाणपणाचं वाटत होतं. इन्यिगोने अधिकाऱ्याला लढायला राजी केलं. धर्मगुरू हाताशी नव्हता, म्हणून त्याने एका सोबत्याजवळच आपली पापं सांगितली. मग तोफगोळ्याने एक पाय मोडला आणि दुसराही जखमी झाला. म्हणजे या माणसात धैर्याची वाण नव्हती. बदलाला लागणारं धैर्य आपल्याकडे नाहीच, अशी तक्रार करणाऱ्याने हे नीट पाहावं. ते असतंच, फक्त ते दुसरीकडे खर्ची पडत असतं. कर्ज लपवणारा माणूस रोज किती जोखीम पत्करतो! खोटं लक्षात ठेवायचं, प्रत्येक फोनला दचकायचं, आणि वर चेहरा हसरा ठेवायचा.

पहिल्या संध्याकाळचं काम म्हणून वहीत हीच नोंद करायची : माझं धैर्य सध्या कशावर खर्च होतंय? पाच-सहा ओळी पुरेत. सोबत योहानच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचायचा, बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी पडून असलेल्या माणसाचा. येशू त्याला आधी विचारतो की तुला बरं व्हायचंय का, आणि तो माणूस ‘हो’ म्हणत नाही. मला पाण्यात उतरवायला कोणी नाही, हे कारण सांगतो. आपली कारणंही त्याखाली लिहून काढायची.

दिवस दुसरा आणि तिसरा : लोयोला

पाम्पलोनाहून बसने सान सेबास्तियन, तिथून दुसरी बस आस्पेइतियाला. आस्पेइतियाला रेल्वे नाही. गावापासून लोयोलाचं आवार पायी अर्ध्या तासाच्या आत आहे, नदीकाठाने सपाट रस्ता. इग्नेशियसने पुढे स्थापन केलेल्या येशूसंघाचं साधनाकेंद्र आवारातच आहे. तिथे राहायचं तर कित्येक आठवडे आधी लिहावं लागतं.

मोठा घुमट आणि त्याखालचं गोल चर्च 1738 चं आहे. ज्यासाठी यायचं ते घर त्याच्या पोटात झाकलं गेलंय. खालचे मजले जाड दगडी भिंतींचे, वरचे दोन विटांचे. राजाने सरदारांच्या गढ्या पाडायला लावल्या तेव्हा वरचा भाग गेला, आणि इन्यिगोच्या आजोबांनी तो विटांनी पुन्हा बांधला. सगळ्यात वरच्या मजल्यावर तो आजारपणात पडून होता ती खोली, आता प्रार्थनालय. ‘इन्यिगो लोयोलाने इथे स्वतःला देवाच्या स्वाधीन केलं’ अशा अर्थाची ओळ तिथे लिहिलेली आहे.

या खोलीत काय घडलं ते तपशिलाने माहीत असायला हवं, नाहीतर तासभर बसून नुसतं छताकडे पाहणं होतं. पाय चुकीचा जुळला होता, म्हणून हाडं पुन्हा मोडून बसवली. तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. तो दिसला असता आणि उंच घट्ट बूट चढला नसता, म्हणून इन्यिगोने तो कापायला सांगितला. भूल नव्हती. मग पाय आखूड राहू नये म्हणून कित्येक दिवस ताणून ठेवला. हे सगळं बुटासाठी.

मग वाचायला शौर्यकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताच्या चरित्राची आणि संतांच्या गोष्टींची पुस्तकं. तो दोन प्रकारची दिवास्वप्नं पाहायचा. एका उच्चकुलीन स्त्रीला कसं जिंकायचं हे एक, आणि संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला कसं जायचं हे दुसरं. दोन्ही पाहताना सारखीच गोड वाटायची. फरक नंतर पडायचा. पहिल्यानंतर मन कोरडं, चिडचिडं व्हायचं, दुसऱ्यानंतर बराच वेळ शांत आणि प्रसन्न राहायचं. हा फरक लक्षात यायलाही त्याला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी हेच करायचं. सकाळी एक तास, दुपारी एक तास. पहिल्या तासात डोळे मिटून पाहायचं की काहीच बदललं नाही आणि आजपासून पाच वर्षांनी एका साध्या मंगळवारी आपण घरी बसलोय : समोर कोण आहे, काय बोलणं चाललंय, हातात काय आहे. दुसऱ्या तासात तोच मंगळवार, पण बदल केल्यानंतरचा. प्रत्येक तास संपला की लगेच काही लिहायचं नाही. पंधरा मिनिटं आवारात फिरून यायचं आणि मग लिहायचं, कारण नोंद करायची ती स्वप्नाची नाही, नंतर उरलेल्या चवीची. इथे दोन गोष्टी बिघडतात. तास कंटाळवाणा झाला की माणूस चाळीस मिनिटांत उठतो. इग्नेशियसचा सल्ला असा की अशा वेळी तासाहून थोडं जास्तच बसावं. दुसरं म्हणजे बदलानंतरच्या चित्रात धाकधूक असली की लोक त्याला ‘देवाची इच्छा नाही’ अशी खूण समजतात. धाकधूक आणि कोरडेपणा एक नव्हे. भीती वाटत असतानाही तळाशी शांती असू शकते. शोधायची ती शांती.

याच दिवसापासून वहीत सात जोड्या ओळी आखायच्या. ही इग्नेशियसची विशेष आत्मपरीक्षणाची रीत. पहिल्या दिवसाची जोडी सगळ्यात लांब, पुढच्या क्रमाने आखूड. सकाळी उठल्यावर त्या एका दोषापासून सावध राहायचा संकल्प. दुपारच्या जेवणानंतर सकाळचे तास एकेक करून पाहायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वरच्या ओळीवर. रात्री तसंच, खालच्या ओळीवर. दिवसात घसरल्याचं ध्यानात येताच छातीला हात लावायचा, चारचौघांतही कुणाला कळत नाही. मग सकाळची संध्याकाळशी, आजची कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना. प्रवासात कर्ज किंवा अबोला यांचे ठिपके पडणार नाहीत असं वाटतं, पण पडतात. घरून आलेल्या मेसेजला अर्धवट उत्तर दिलं, हाही ठिपकाच. सगळ्यात जास्त गाळली जाते ती दुपारची नोंद, आणि ती गाळली की संध्याकाळी सकाळचं काहीच आठवत नाही.

घरच्यांचं काय, हा प्रश्नही याच घरात उभा राहतो. मोठ्या भावाला संशय आला होता. त्याने इन्यिगोला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत, घराण्याकडे बघ, लोक तुझ्याकडून केवढी आशा धरून आहेत, आयुष्याची माती करू नकोस, अशी कळकळीने विनवणी केली. इन्यिगो खोटं बोलला नाही, पण सगळं सांगितलंही नाही. नावार्रेतेला, ज्याच्या चाकरीत होता त्या ड्यूककडे जातोय एवढंच म्हणाला, आणि ते खरं होतं. नुकताच रुजलेला निर्णय सगळ्या नातेवाइकांपुढे मांडायची गरज नसते. मात्र एका तरी जाणत्या माणसाला तो ठाऊक हवा. पुढे त्याच्या नियमांत हे स्पष्टच आलं : सैतानाला गुपित आवडतं, आणि मोह कबूल करून उघड्यावर आणला की त्याचा डाव निम्मा फसतो. घरी परतल्यावर कोणाला सांगणार त्या माणसाचं नाव तिसऱ्या रात्री वहीत लिहून ठेवायचं.

दिवस चौथा : सुमारागापर्यंत पायी

सतरा-अठरा किलोमीटर, उरोला नदीच्या खोऱ्यातून. वाट जुन्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जाते, त्यामुळे चढण सौम्य आणि बोगदे बरेच. टॉर्च जवळ ठेवायची. बूट नवे असतील तर इथेच फोड येतात. पायमोजे दुपारी बदलायचे, आणि टाचेला गरम लागतंय असं वाटताच, फोड येण्याआधी, पट्टी लावायची. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावं.

चालताना वेगळी साधना लादू नये. स्तोत्रांतली एक ओळ घ्यावी, श्वासाच्या लयीत म्हणत राहावी. पुरे.

दिवस पाचवा : आरांतसासू

सुमारागाहून पायी वीसेक किलोमीटर, पण चांगलीच चढण. ज्यांना झेपणार नाही त्यांनी टॅक्सीने ओन्याती गाठून तिथून वरचा घाट चढावा. इन्यिगोचा दुसरा एक भाऊ ओन्यातीपर्यंत सोबत होता. वाटेत इन्यिगोने त्यालाही इथे मरियामातेपुढे जागरणासाठी राजी केलं, आणि मग त्याला ओन्यातीला बहिणीकडे ठेवून हा पुढे निघाला.

आजचं चर्च 1950 च्या दशकातलं आहे, काट्यांसारख्या टोकदार दगडांचे मनोरे असलेलं. दर्शनी भिंतीवर शिल्पकार ओतेइसाने घडवलेले 14 प्रेषित आहेत. बारा नाहीत, चौदा, आणि सगळे पोटातून कोरून रिकामे केलेले. चर्चच्या अधिकाऱ्यांनी हे काम थांबवलं होतं. पुतळे वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून राहिले आणि 1969 मध्ये वर चढले. आत मरियेची मूर्ती हातभरसुद्धा नाही. जागरण करायचंच तर रात्री जेवणानंतर एक तास. अख्खी रात्र जागून पुढचा दिवस चिडचिडीत घालवण्यात कसलं पुण्य?

दिवस सहावा : रेल्वे

खाली सुमारागाला परत यायचं, तिथे स्टेशन आहे. तिथून गाड्या बदलत सारागोसामार्गे बार्सेलोना. दिवस जातो. पायी गेलं तर याच पट्ट्यात मोनेग्रोसचं रखरखीत माळरान लागतं, जिथे पाणी आदल्या मुक्कामावरूनच भरून घ्यावं लागतं.

वाटेतल्या दोन गोष्टी गाडीत बसून आठवण्यासारख्या. नावार्रेतेला इन्यिगोने ड्यूककडची आपली थकबाकी वसूल केली, ज्यांचं देणं लागतो असं वाटत होतं त्यांना ती वाटली, आणि मग सोबतचे नोकर परत पाठवले. आधी देणी, मग त्याग. हा क्रम फार जण उलटा करतात : नोकरी सोडतात, मोठं दान करतात, आणि ज्याचे पैसे बुडवले तो तसाच राहतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय चौपट परत करायची भाषा करतो, ती याच जातीची.

दुसरी गोष्ट एब्रो नदीच्या खोऱ्यातली. वाटेत एका मुसलमान प्रवाशाशी मरियेबद्दल वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर इन्यिगोला वाटू लागलं की मातेचा अपमान झाला, याला गाठून खंजीर खुपसावा. ठरवता येईना, तेव्हा त्याने फाट्यावर खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर गावाकडे वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडायचं. खेचर हमरस्त्याने गेलं! बाकी काही नाही तरी एवढं कळतं की लोयोलाहून निघताना भक्ती पूर्ण होती आणि पारख जवळजवळ शून्य. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावर लग्न किंवा नोकरी ठरवायची, हा त्याच खेचराचा आजचा अवतार.

दिवस सातवा : मोंतसेरात

बार्सेलोनाच्या प्लासा एस्पान्याहून आर-5 ही गाडी. वर जायला दोन साधनं आहेत आणि त्यांची स्टेशनं वेगळी : रोपवेसाठी ‘आएरी दे मोंतसेरात’, दातेरी रुळांच्या रेल्वेसाठी त्याच्या पुढचं ‘मोनिस्ट्रोल’. एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही, आणि हा गोंधळ रोज कुणाचा तरी होतो. मुक्काम वर मठाजवळच करावा. दुपारची गर्दी शेवटच्या गाड्यांनी उतरून गेल्यावर जागा वेगळीच वाटते. काळ्या मरियेच्या मूर्तीपर्यंत जायची वेळ आधी आरक्षित करावी.

मठाला हजार वर्षांचा इतिहास, पण नेपोलियनच्या फौजांनी 1811-12 मध्ये तो उद्ध्वस्त केला. आजचं चर्चही इन्यिगोनंतरचं आहे. त्याने जिथे जागरण केलं ते चर्च जुनं होतं. 24 मार्च 1522 च्या रात्री, कधी उभा तर कधी गुडघ्यांवर, तो वेदीपुढे राहिला. तलवार आणि खंजीर तिथे टांगायला दिले, खेचर मठाला दिलं.

मात्र त्या रात्रीआधी तीन दिवस त्याने पापनिवेदन लिहून काढलं होतं, साऱ्या आयुष्याचं. इथे यायचं ते यासाठी. रीत साधी आहे. आयुष्याचे पाच-सहा तुकडे पाडायचे : लहानपण, शाळा, नोकरीची सुरुवात, लग्न, असे. प्रत्येक तुकड्यात तीनच गोष्टी : देवाशी काय केलं, माणसांशी काय केलं, स्वतःशी काय केलं. प्रसंगांची वर्णनं नकोत, एकेका पापाला एक ओळ. सगळं मिळून दोन पानांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर आपण पापं लिहीत नसून समर्थनं लिहितोय. ‘पण त्याचं कारण असं की’ असं सुरू होणारं प्रत्येक वाक्य खोडायचं. दुसऱ्याची पापं आपल्या यादीत घुसतात, तीही काढायची. असं निवेदन रांगेत उभं राहून होत नाही. धर्मगुरूंची वेळ आधी मागावी, आपल्याला येणारी भाषा कोणाला येते तेही तेव्हाच विचारावं. झालं की कागद फाडून टाकायचा. कॅथलिक नसलेल्यांनी हेच आपल्या पाळकाजवळ किंवा भरवशाच्या विश्वासू माणसाजवळ करावं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय एकमेकांजवळ पापं कबूल करायलाच सांगतो.

तलवारीचा देखावा सगळ्यांना आठवतो. त्याच रात्रीची दुसरी घटना कमी सांगितली जाते. इन्यिगोने आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले आणि स्वतः गोणपाट चढवलं. सकाळी तो काही अंतर गेला असेल नसेल तोच एक जण धावत आला : हे कपडे तुम्हीच दिले का? भिकाऱ्याला चोर समजून लोकांनी छळलं होतं. इन्यिगोच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या बदलाची किंमत दुसरा कोण मोजणार आहे, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. वहीत त्याला एक पान द्यावं. कर्ज कबूल केल्यावर बायकोच्या झोपेचं काय? रविवार प्रार्थनेला दिला तर आजारी आईजवळ कोण? उत्तरं मिळाल्यावर बदल रद्द करायचा नाही, पण त्या माणसांना आधी सांगून ठेवायचं.

दिवस आठवा : मान्रेसाकडे

पंचवीस किलोमीटरच्या आसपास. मठ सातशे मीटरवर आहे आणि मान्रेसा अडीचशेच्या खाली, म्हणजे उतार बराच. उतारावर गुडघे आणि अंगठ्याची नखं दुखावतात. नखं आदल्या रात्री कापावी, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधावी म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत. पाणी दोन लिटर, निघणं सकाळी आठच्या आत. आज उपास नाही.

इन्यिगोने प्रवासासाठी कापडी चपलांचा जोड घेतला होता, पण घातली एकच. दुसरा पाय ठीक होता. ज्या पायाचं हाड बुटासाठी कापून घेतलं होतं, तो अजून पट्टीत होता आणि रात्री सुजायचा, म्हणून चप्पल त्या पायात.

दिवस नववा ते अकरावा : मान्रेसा

गुहा कार्दोनेर नदीच्या बाजूच्या कड्यात आहे, आता तिला लागून चर्च आणि येशूसंघाचं साधनाकेंद्र. नदीवर जुना दगडी पूल, टेकडीवर सेऊ हे गॉथिक चर्च. तिन्ही ठिकाणं चालत एकमेकांजवळ. नवव्या दिवशी सकाळी ती पाहून घ्यावी आणि मग हिंडणं थांबवावं.

इन्यिगो इथे थोडे दिवस म्हणून थांबला. रोज सात तास प्रार्थना, भिक्षा मागून जेवण, केस आणि नखं वाढवलेली, कारण पूर्वी त्यांचा फार डौल होता. पहिले काही महिने बरे गेले. मग एक विचार आला : अजून सत्तर वर्षं जगायचंय, हे सगळं सत्तर वर्षं झेपणार का? त्याने त्या विचारालाच उलट विचारलं की तू मला एका तासाच्या आयुष्याची हमी देतोस का? विचार गेला. बदल मोडणाऱ्या शंकांत ही सगळ्यात नेहमीची आहे आणि तिला हेच उत्तर लागू पडतं. ‘आयुष्यभर कधीच नाही’ अशी शपथ इथे घेऊ नये. संकल्प आजच्या रात्रीपर्यंतचा.

पुढचं जास्त बिकट. मोंतसेरातला एवढं निवेदन करूनही काही राहिलं असेल असं त्याला वाटू लागलं. तो पुन्हा पुन्हा निवेदन करायचा, आणि समाधान होईना. स्पष्ट आठवणारीच पापं सांग, असं धर्मगुरूने सांगितलं, पण त्याला सगळीच स्पष्ट वाटत होती, त्यामुळे सल्ला वाया. खोलीतल्या खड्ड्यात उडी टाकून जीव द्यावा इथवर विचार गेले. मग आठवडाभर काही खाल्लं नाही. धर्मगुरूने दटावल्यावर जेवला, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी यादी पुन्हा सुरू. शेवटी, हे विचार कुठून आणि कसे येतात ते त्याने नीट तपासलं. त्यांचा शेवट पाहिला : साधनेचा कंटाळा, सगळं सोडून द्यावंसं वाटणं. तेव्हा त्याने ठरवलं की मागचं काहीही पुन्हा निवेदनात आणायचं नाही. हळूहळू झोपही सुधारली. झोपेच्या वेळी उदात्त विचार गर्दी करायचे, ते देवाचे असते तर झोपेच्या ठरल्या वेळेवर घाला घातला नसता, असं त्याने ताडलं. केस कापले, नखं कापली. उपासांनी पोट मात्र कायमचं बिघडलं, आणि पुढे त्याने आपल्या संघातल्या तरुणांना असल्या अतिरेकापासून आवरलं.

यातून निघालेले नियम दहाव्या दिवशी हाताशी ठेवायचे. मन जेव्हा कोरडं, जड, देव दूर गेल्यासारखं होतं, तेव्हा आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. बदलायची ती आपली वागणूक : प्रार्थना थोडी वाढवायची, आत्मपरीक्षण जास्त नीट करायचं. मन प्रसन्न असतं तेव्हा पुढच्या कोरड्या दिवसासाठी लिहून ठेवायचं की हा निर्णय मी का घेतला. हे पत्र स्वतःलाच, तारखेसह. प्रसन्नतेच्या भरात नवी मोठी वचनंही द्यायची नाहीत. ‘दारू सोडतोय तर सिगारेट आणि साखरही’ हे त्या भरातलंच.

ज्यांचा प्रश्न पापाचा नसून निवडीचा आहे, म्हणजे नोकरी बदलावी का, सेवाकार्यात जावं का, असा, त्यांच्यासाठी वेगळी रीत आहे. ती दोन चांगल्या गोष्टींमधल्या निवडीलाच लागू होते. फसवणूक थांबवावी का, याला फायद्या-तोट्यांची यादी लागत नाही. आधी प्रश्न एका वाक्यात. मग मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणून देण्याची प्रार्थना. मग चार रकाने : केल्याचे फायदे, केल्याचे तोटे, न केल्याचे फायदे, न केल्याचे तोटे. पहिले दोन आणि शेवटचे दोन सारखे वाटतात, पण भरताना वेगळे निघतात. कोणत्या बाजूला जास्त मुद्दे आहेत हे मोजायचं नाही, वजनदार कोणते ते पाहायचं. कौल आला की दोन पडताळे. कधीही न भेटलेला एक माणूस नेमका हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? आणि मरणाच्या घटकेला काय केलेलं आवडेल? शेवटी निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि लोयोलाला केलं तसं मागे राहणारी चव पाहायची. एका दिवसात चव कळली नाही तर थांबायचं, ओढून-ताणून नाही.

अकराव्या दिवशी सातही जोड्या ओळी समोर ठेवून ठिपके पाहायचे. ते कमी झालेले नसतात, हे जवळजवळ नेहमीचं. लक्ष वाढलं की नोंद वाढते. पाहायचं ते हे की ठिपके दिवसाच्या कुठल्या वेळी साठलेत. बहुधा एकाच वेळी : थकव्याच्या, भुकेच्या किंवा एकटेपणाच्या. शत्रू किल्ल्याच्या सगळ्यात कच्च्या बाजूनेच येतो, असं इग्नेशियसचा नियम सांगतो. तेव्हा पुढच्या आठवड्याचा बंदोबस्त सगळीकडे सारखा न ठेवता त्या एका तासापुरता करायचा : त्या वेळी कुठे असायचं, कोणाला फोन करायचा, काय जवळ ठेवायचं नाही.

इन्यिगो घरी परतला तो 1535 मध्ये, आजारपणामुळे. भाऊ वाड्यावर न्यायला तयार होता. हा आस्पेइतियाच्या माग्दालेना धर्मशाळेत गरिबांसोबत तीन महिने राहिला. मुलांना धर्मशिक्षण देईन म्हणाला, तेव्हा कोणी येणार नाही असं भावाचं मत पडलं. एक आला तरी पुरे, असं याचं उत्तर.

घरी करायची साधना त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत आहे. ज्यांना महिनाभर एकांतात जाता येत नाही त्यांनी कामधंदा सांभाळून रोज तास-दीड तास द्यायचा आणि मार्गदर्शकाला भेटत राहायचं. आज ती साधारण तीस आठवड्यांत, आठवड्याला एका भेटीने पुरी करतात. पहिल्या भेटीची तारीख मान्रेसात असतानाच फोन करून नक्की करावी, परतल्यापासून सात दिवसांच्या आतली. बार्सेलोनाला परत नेणारी गाडी तीच, आर-5.